न आलेल्या वादळाची थट्टा

"काय हो, कुठे गेले तुमचे वादळ?"

४ जून २०२० ची सकाळ. कुंपणापलीकडून हा प्रश्न आला तेव्हा मी अंगणात पडलेल्या कडुनिंबाच्या फांद्या गोळा करीत होतो. विचारणारे आमचे शेजारी नाना. सज्जन गृहस्थ, उभी हयात देवळाली कॅम्पात गेलेली. आदल्या दिवशी मी पडवीच्या पत्र्यावरचे दगड उतरवून पत्रे तारेने आवळीत होतो, तेव्हाही नाना ओट्यावर बसून म्हणत होते, "अहो, समुद्र कुठे, आपण कुठे! मध्ये अख्खा सह्याद्री आडवा आहे." आता ते विजयी मुद्रेने हसत होते.

रात्री पाऊस झाला होता, वारा झाला होता, दिवे गेले होते. पण दिवसभर जे चित्र रंगविले गेले त्या मानाने आम्ही स्वस्तात सुटलो होतो. मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहता पाहता गोऱ्या शिपायांना आमच्या छावणीत वेड लागे, म्हणून इंग्रजी भाषेत वेड्याला आमच्याच गावाचे नाव पडले आहे. त्या रात्री वादळाची वाट पाहून आमचेही थोडे तसेच झाले. चिडलेल्या माणसाला कोणाला तरी हसावेसे वाटते. नाना वेधशाळेला हसले. असे नाना घरोघरी आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

नानांचा मुख्य दाखला ‘लांडगा आला रे आला’ हा. रोज उठून घाबरवाल तर खऱ्या वेळी कोण ऐकेल, असे त्यांचे म्हणणे. गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली, पण नीट वाचली नाही. त्या पोराचे पाप असे की, लांडगा नसताना तो ओरडला. येथे लांडगा होता. ३ जूनच्या दुपारी तो श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढला, ताशी ११० ते १२० किलोमीटरच्या वाऱ्यानिशी. रायगड-रत्नागिरीत घरांची छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. आजोबांनी लावलेली बाग नातवाच्या डोळ्यांदेखत एका दुपारीत गेली. ‘निसर्ग’ हे त्या वादळाचे नाव बांगलादेशाने सुचविलेले. जमिनीवर आले की वादळाचे समुद्राकडून मिळणारे बाष्प तुटते, डोंगर आणि झाडे वाऱ्याला अडवितात. म्हणून पुणे जिल्हा ओलांडून आमच्याकडे येईतो ते थकले. म्हणजे लांडगा आलाच. फक्त वाटेत दमला. आणि त्याने ज्यांचा कळप फाडला त्यांच्याकडे पाठ करून आम्ही म्हणायचे, लांडगा नव्हताच! याला विनोद म्हणवत नाही. यात निर्दयपणा आहे.

"मग तो किती दमेल हे आधी का सांगता आले नाही?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. एक दिवस आधीच्या अंदाजातही वादळाची वाट पन्नास-शंभर किलोमीटर इकडेतिकडे सरकू शकते. पन्नास किलोमीटर म्हणजे येथून जेमतेम संगमनेर. नकाशावरच्या एवढ्याशा अंतरात कोणते गाव धरावे आणि कोणते सोडावे? सोडलेले गाव उद्या सापडले, तर हेच नाना काठी घेऊन उभे राहतील. आणि गंमत अशी की, यंदा मृगाचे वाहन बेडूक की म्हैस हे पाहून जे पावसाचा भरवसा धरतात, ते पंचांगकर्त्याला कधी जाब विचारीत नाहीत. सारी झाडाझडती वेधशाळेची!

खरे तर इशारा म्हणजे काय, हे देवळालीकराला कोणी शिकवावयास नको. येथे तोफखान्याची शाळा आहे. तोफांचा सराव व्हावयाचा असला की आधी गावांना कळवावे, यासाठी १९३८ चा कायदाच आहे. रेंजवर लाल निशाण लागले की गुराखी गुरे वळवितो. संध्याकाळी तो घरी येऊन असे म्हणत नाही की, "आज माझ्या डोक्यावर गोळा पडला नाही, तेव्हा निशाण खोटे होते." ज्या गावात अडाणी म्हटला जाणारा गुराखी हे जाणतो, तेथे पेन्शनर माणसाने ते न जाणावे काय?

इशारा मानल्याने काय होते ते ओडिशाला विचारा. २९ ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलीन’ आले, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलविले गेले. मृतांचा आकडा काही डझनांवर थांबला. त्या दहा लाखांतील पुष्कळांची घरे परतल्यावर जागच्या जागी उभी असतील. ते फसले काय? उलट आपल्याकडचे पाहा. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळाचा इशारा काही दिवस आधी मिळाला होता. तरी पी-३०५ हा तराफा माणसांसह मुंबईजवळच्या समुद्रात राहिला आणि बुडाला. साठांहून अधिक कामगार गेले. त्यांच्या घरी जाऊन कोणी म्हणावे की, इशारे उगाच असतात!

आता दुसरी बाजू. सरकारी इशारा देणाऱ्यांनाही मी सोडणार नाही. ‘अतितीव्र’, ‘तुरळक ठिकाणी’, ‘सतर्क राहावे’ असल्या शब्दांनी कोणाचे पत्रे बांधले जात नाहीत. सतर्क राहावे म्हणजे नेमके काय करावे? पत्र्यावरचे दगड उतरवा, ते वाऱ्यात गोळ्यासारखे सुटतात. गुरे झाडाखाली बांधू नका. पाणी भरून ठेवा. असे का सांगत नाही? नाशकात गोदावरीच्या पुराचे माप कोणालाही कळते. पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले, छातीला लागले, गळ्याशी आले, एवढे ऐकताच काठावरचा दुकानदार माल हलवू लागतो. साहेबांनी त्या मारुतीकडून मराठी शिकावी. शिवाय वादळ ओसरल्यावर दोन ओळी छापाव्यात: आम्ही हे सांगितले होते, झाले ते असे, फरक पडला तो यामुळे. एवढा प्रामाणिकपणा दाखविला तर नानांचे निम्मे हसू तेथेच मावळेल.

दिवाळीच्या अंकात वादळ कशाला, असे कोणी म्हणेल. अरबी समुद्राला सणवार कळत नाहीत. मे-जूनप्रमाणे ऑक्टोबर ते डिसेंबर हाही त्याच्या वादळांचा काळ. २००९ चे ‘फयान’ नोव्हेंबरातच कोकणावर आले होते. आणि घरातली दिवाळी तरी काय सांगते? मुले फुलबाज्या घेऊन अंगणात उतरली की आजी ओरडते, "सुती कपडे घाला, पाण्याची बादली जवळ ठेवा." भाऊबीजेपर्यंत बादली तशीच भरलेली राहते. म्हणून पुढल्या वर्षी बादली नको, असे कोणत्या घरात म्हणतात?

नानांच्या पत्र्यावरचे दगड अजून तसेच आहेत. वारा सुटला तर ते माझ्याच अंगणात यावयाचे. म्हणून पाडव्याचा फराळ झाला की मी ते उतरवावयास जाणार आहे. नानांनी खुशाल हसावे. शिडी मात्र धरावी.