गुडघा दुखतो, तरी सामना खेळायचाच?

कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, विश्वचषकासाठी भारताच्या कुमार संघात आला. पुढे इंडियन ॲरोज, मग जमशेदपूर. या वाटेचे कौतुक सगळे करतात. त्या वयातल्या हाडांचा विचार कोणी करत नाही.

वाढत्या वयात नडगीच्या हाडाचा गुडघ्याखालचा उंचवटा पुरता टणक झालेला नसतो. प्रत्येक किकला मांडीचा स्नायू त्यालाच ओढतो. तिथे सूज येते, दाबले की कळ येते. हा ऑसगुड-श्लाटर आजार. वाढ पूर्ण झाली की तो बहुधा थांबतो, तोवर खेळ कमी करावा लागतो. मोठ्या क्लबात फिजिओ मुलाला बाहेर बसवतो. दिग्रसच्या मुलाला कोण बसवणार? तेल चोळायचे, वेदनाशामक गोळी घ्यायची आणि पुन्हा मैदानात! आपल्याकडच्या उन्हात, अंगातले पाणी कमी झालेले असताना, तीच गोळी मूत्रपिंडाला महागात पडू शकते.

स्पर्धेसाठी वयाचा दाखला मागतात, तशी एक तपासणीही मागावी. सरकारी दवाखान्यात ती होऊ शकते. आणि रात्री झोपेतून उठवणारे, विश्रांतीनेही न थांबणारे दुखणे असेल, तर एक्स-रे लगेच काढावा.