दोन तारांची बस

'बस' म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर धाराशिवहून तुळजापूरला निघालेली लाल एसटी येते, हो ना? आज एका वेगळ्याच बसची ओळख करून घेऊ या. तिला चाकं नाहीत, कंडक्टर नाही. आहेत फक्त दोन तारा!

कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत वस्तू तपासायला कप्प्याकप्प्यांची एक पेटी वापरतात. हव्या त्या तपासणीचं कार्ड कप्प्यात सरकवायचं, नको ते काढायचं. १९९७ साली आलेली 'पीएक्सआय' ही अशीच पद्धत. पेटीचा म्होरक्या म्हणजे कंट्रोलर. तो एक संगणकच असतो. त्याच्या पोटात बऱ्याच चिप असतात. कुणी तापमान मोजते, कुणी पंख्यावर लक्ष ठेवते. प्रत्येकीला वेगळी तार ओढली तर केवढं जंजाळ होईल! म्हणून नेदरलँड्सच्या फिलिप्स कंपनीने १९८२ मध्ये दोन तारांची 'आयटूसी' बस काढली. तिच्याच धर्तीवर १९९५ मध्ये संगणकांसाठी 'एसएमबस' आली.

हिचं काम वर्गातल्या हजेरीसारखं चालतं. एक तार ठेका धरते. दुसरीवरून त्या ठेक्यावर ० आणि १ हे अंक एकामागून एक जातात, म्हणून ही 'सिरियल' बस. कंट्रोलर आधी सात अंकांचा पत्ता पुकारतो. आठवा अंक १ असेल तर चिपमधलं वाचायचं, ० असेल तर तिच्यात लिहायचं. ऐकतात सगळ्या, पण जिचा पत्ता असेल तीच तारेवरून 'हजर!' म्हणते.

आता खरी मेख ऐका. याच बसवर संगणकाच्या मेमरीची माहिती जपणारी चिपही असते. पत्ता चुकून भलतंच काही तिच्यात लिहिलं गेलं, तर ती माहिती बिघडते आणि संगणक पुन्हा सुरूच होत नाही! म्हणून जाणती माणसं आधी माहितीपुस्तिका वाचतात, पत्ता दोनदा पडताळतात आणि मगच लिहितात. घाईत लिहिलेलं गणित खोडता येतं, पण इथे खोडरबर नाही.

करून पाहा : पत्ता सातऐवजी तीनच अंकांचा असता, तर किती चिपना वेगवेगळे पत्ते देता आले असते? ०००, ००१, ०१०... असे कागदावर मांडा. आईबाबांनाही सोबत बसवा. मग सात अंकांचे १२८ पत्ते कसे होतात, हे तुम्हीच त्यांना समजावून सांगाल!