मागच्या चाकाची स्प्रिंग

दोन्ही चाकांना स्प्रिंगा असलेली डोंगरी सायकल मी दोन महिन्यांपूर्वी घेतली. किंमत १६,५०० रुपये. वर्षभराच्या शिकवण्यांची कमाई तिच्यात गेली, म्हणून तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आहे असे मी समजतो.

आधी चांगले ते सांगतो. येळ्ळूरच्या शेतवाटांवर ती झकास चालते. जुन्या सायकलवर जिथे मणका न् मणका मोजता येई, तिथे आता बसून जाता येते. पण हे सुख बरेचसे जाड टायरांचे आणि पुढच्या स्प्रिंगांचे आहे, हे मला चार-पाच फेऱ्यांनंतर कळले.

राजहंसगडाचा चढ लागला की मागची स्प्रिंग आपले रंग दाखवते. पायडल दाबले की सीट खाली, सोडले की वर. पायांतला जोर चाकाकडे जायचा तो वाटेतच स्प्रिंग दाबण्यात मुरतो. त्यात सायकलचे वजन १९ किलो. किराणा दुकानाच्या काट्यावर करून घेतले. माझा मित्र, फक्त पुढे स्प्रिंग असलेल्या सायकलवरून, मला मागे टाकताना म्हणाला, "अरे, सायकल चालवतोयस की भात कांडतोयस?"

उतारावरची गोष्ट याहून गंभीर. महाग सायकलीत स्प्रिंगेच्या जोडीला तेल असते. ते बारीक छिद्रांतून सरकताना स्प्रिंगेची उसळी आवरते. माझ्या सायकलीत नुसतीच स्प्रिंग. एका आडव्या चरात ती दबली आणि तशीच उसळली. मागचे चाक हवेत, मी हँडलवर! कोपरावर निभावले. ब्रेक साधे, रबराचे. तेही वेळेवर लागले नाहीत.

१९७६ साली कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात 'रिपॅक' नावाची उताराची शर्यत सुरू झाली. सायकली जुन्या, जड, जाड टायरांच्या. स्प्रिंगांचे नाव नाही. उतरताना ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला ते नाव पडले. त्या मंडळींना काळजी होती ती ब्रेकची. आपण मात्र दुकानात सीट दाबून पाहतो. मीही तेच केले. स्प्रिंग डोळ्यांना दिसते, चांगला ब्रेक दिसत नाही. या किमतीत दोन्ही बसत नाहीत, आणि दुकानदार जे दिसते तेच देणार.

सध्या मी त्या स्प्रिंगेचा नट शेवटपर्यंत आवळून ठेवला आहे. डोलणे बरेच कमी झाले. म्हणजे पैसे देऊन घेतलेली वस्तू बांधून ठेवली! आता ब्रेकसाठी पैसे साठवतो आहे. कुणाच्या मनात अशी सायकल घ्यायचे असेल तर त्याने एकदा माझी खुशाल न्यावी. मात्र कॉलेजच्या मैदानावर नव्हे, गडाच्या चढावर.