हिरव्या रंगाची साक्ष

दिवाळी अंकाच्या पहिल्या पानावर संपादकाने सरत्या वर्षाचा जमाखर्च मांडावा असा जो शिरस्ता आहे, तो आम्ही यंदा एका वाक्यात उरकतो: कागद महागला, टपालहशील वाढले, ज्यांच्या हस्ताक्षराची या कार्यालयाला सवय होती अशी काही माणसे गेली, आणि पावसाने आपला लहरी स्वभाव सोडला नाही. एवढे सांगून झाल्यावर वर्षभर मनात सलत राहिलेल्या एका गोष्टीकडे वळण्याची मुभा आमचे वाचक आम्हांस देतील, याविषयी आम्ही निःशंक आहोत. आजवर त्यांनी आमच्याकडून याहून रुक्ष विषय सोसले आहेत.

सलणारी गोष्ट अशी की, शेती, निसर्ग आणि नागरी जीवन या विषयांवर जे लेखन यंदा आमच्या टेबलावर आले, त्यात हिरवळ दिसली रे दिसली की तिच्याखालची जमीन निर्दोष ठरवून टाकण्याची घाई सर्वत्र आढळली. एका लेखकाने मुंबईत रेल्वेच्या रुळांलगत नाल्याच्या पाण्यावर तरारलेल्या पालकाच्या आणि लाल माठाच्या वाफ्यांना नगरवासीयांच्या कृषिप्रेमाचे प्रतीक मानले. दुसऱ्याने कारखान्यामागच्या राखेच्या ढिगावर उगवलेल्या गवतात सृष्टीच्या क्षमाशीलतेचा साक्षात्कार अनुभवला. तिसऱ्याने तर मोहरी आणि सूर्यफूल पेरले की दूषित जमीन दोन हंगामांत निर्मळ होते, असे सांगून सारे प्रकरणच निकालात काढले. तिघांचाही साक्षीदार एकच, पानाचा हिरवा रंग. आणि त्या साक्षीदाराची उलटतपासणी कोणीच घेत नाही, ही आमची तक्रार आहे.

धातू वनस्पतीला मुळातच वर्ज्य आहेत असे नाही. लोह, जस्त, तांबे, मँगेनीज आणि अत्यल्प प्रमाणात निकेल यांच्यावाचून तिचे चालत नाही, आणि नेमके हेच तिच्या संकटाचे मूळ आहे. कारण मुळांच्या पेशींवर जी द्वारे लोह-जस्तासाठी उघडी असतात, त्यांतूनच कॅडमियमही आत शिरते, आणि भाताच्या मुळात तर मँगेनीजची वाट त्याची राजरोस वहिवाट होऊन बसते. आर्सेनिकचे एक रूप स्फुरदाच्या दाराने येते आणि पाणी तुंबलेल्या खाचरात तयार होणारे दुसरे रूप सिलिकाच्या. (खाचरात पाणी ठेवले की कॅडमियम दबते पण आर्सेनिक मोकळे होते, आणि पाणी काढले की बरोबर उलट घडते, भात पिकवणाऱ्यापुढचा हा पेच आमच्या निसर्गप्रेमी लेखकांपैकी एकाच्याही कानावर नसावा.) आत आलेला हा आगंतुक विकरांमधील जस्ताची जागा बळकावतो, प्रथिनांतील गंधकाला चिकटून त्यांची घडी विस्कटतो, मुळांची वाढ खुंटवून त्यांची टोके आखूड आणि तपकिरी करतो, आणि लोहाचा पुरवठा बिघडवून हरितद्रव्याच्या निर्मितीतच खोडा घालतो, तेव्हा पान पिवळे पडते. हा झाला पराभव; परंतु पराभवाआधी जे युद्ध होते तेच खरे पाहण्यासारखे आहे.

मुळे प्रथम बाहेरच अडवू पाहतात: सायट्रिक, मॅलिक यांसारखी आम्ले मातीत सोडून काही धातूंना तेथल्या तेथे बांधतात, मुळांशी सख्य असलेल्या बुरशीचेही त्यात साहाय्य होते, आणि पेशीभित्ती स्वतः बराच धातू धरून ठेवते, शिसे बहुधा या पायरीपलीकडे फारसे जात नाही. तरीही जो आत पोचतोच, त्याच्यासाठी वनस्पतीने केलेली तरतूद १९८५ साली ग्रिल, विनाकर आणि झेंक या जर्मन संशोधकांनी उजेडात आणली. ग्लुटाथायोन नावाच्या लहानशा रेणूचे दुवे जोडून पेशी एक साखळी तयार करते, तिला फायटोकेलॅटिन म्हणतात. ती जोडणारे विकर पेशीत आधीपासून हजर असते, पण त्याला कामाला लावतो तो खुद्द धातूच. त्या साखळीने जखडलेले कॅडमियम मग पेशीच्या रिक्तिकेत नेऊन कोंडले जाते. मराठेशाहीत मातब्बर कैद्याला ठार न करता एखाद्या दुर्गम गडावर नजरकैदेत ठेवीत, तसाच हा बंदोबस्त आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे: धातू हे मूलद्रव्य असल्यामुळे त्याला मारता येत नाही, कुजवता येत नाही, जाळून नाहीसे करता येत नाही. शिसेयुक्त पेट्रोल या देशात २००० साली बंद झाले, पण त्यापूर्वी दशकानुदशके हमरस्त्यांच्या कडेला जे शिसे पडले, त्याला बंदीचा हुकूम लागू होत नाही.

आता उलटतपासणीचा मुद्दा. हिरवे पान एवढेच सांगते की गडावरचा पहारा जागा आहे. कैदी गडावर नाही असे ते मुळीच सांगत नाही, आणि पालकाच्या बाबतीत तो गडच आपण शिजवून खातो. शिसे मुळाशी अडते, क्रोमियम बरेचसे मातीतच अडकून पडते, तांबे-जस्त फार झाले तर माणसाला अपाय होण्याआधी पीकच मान टाकते. पण कॅडमियमचा कावा असा की, ज्या मात्रेत ते माणसाच्या मूत्रपिंडाला घातक ठरते, त्या मात्रेत रोपाला साधी खूणही उमटत नाही. वनस्पतीची सहनशक्ती ही येथे आपल्याला मिळालेली इशाऱ्याची घंटा नसून त्या घंटेचा लोलक काढून घेण्याचा प्रकार आहे.

याचा दाखला जपानच्या तोयामा प्रांतात आहे. जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्त-शिशाची खाण. खाणीचे सांडपाणी नदीत, नदीचे पाणी भातखाचरांत, आणि खाचरांतला भात त्याच खोऱ्यातल्या माणसांच्या ताटात. उतारवयाच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या बायकांची मूत्रपिंडे निकामी होऊन हाडे इतकी ठिसूळ झाली की खोकल्यानेही मोडावीत. वेदनेच्या उद्गारावरूनच त्या व्याधीला ‘इताई-इताई’ असे नाव पडले. नोबोरू हागिनो या स्थानिक वैद्याने कॅडमियमवर बोट ठेवल्यावरही सरकारने ते मान्य करावयास १९६८ साल उजाडले. १९७१ मध्ये न्यायालयाने खाणीच्या कंपनीला जबाबदार धरले. आणि सुमारे ८६० हेक्टर खाचरांवरचा थर बदलून जमीन पुन्हा पिकाजोगी करण्याचे काम २०१२ साली संपले. ज्या देशाजवळ द्रव्य होते, तंत्र होते आणि न्यायालयाचा निकाल होता, त्यालाही चाळीसेक वर्षे लागली. आमच्या तिसऱ्या लेखकाचे दोन हंगाम येथे कोठे बसतात?

त्यांच्यावर अन्याय नको, कारण धातू ओढून घेणाऱ्या वनस्पती आहेत, आणि त्यांचे नवल आम्हांलाही वाटते. न्यू कॅलेडोनिया बेटावर एक वृक्ष आहे, ज्याचा चीक निकेलमुळे निळसर हिरवा असतो, आणि तो चीक वाळवला तर त्याचा सुमारे चौथा हिस्सा निकेलच निघते. आपल्याकडे जुन्या विहिरींच्या आणि पडक्या भिंतींच्या चिऱ्यांतून उगवणारा जो टेरिस विट्टाटा नावाचा नेचा कोणाच्या खिजगणतीत नसतो, तो मातीतून आर्सेनिक शोषून आपल्या पर्णांत साठवतो, हे लीना मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली फ्लोरिडातील एका दूषित जागेवरून दाखवून दिले. परंतु हे सारे त्या वनस्पतींचे स्वसंरक्षण आहे; विषारी पान किडीला नकोसे होते, असा त्यामागे हेतू असावा, असे काही शास्त्रज्ञ मानतात. त्यांना आपल्या नगरपालिकेच्या सफाईखात्यात कोणी भरती केलेले नाही. ते पान वेळेवर कापून, वाहून नेऊन, जाळून, त्याची राखही बंदोबस्ताने पुरली तरच धातू जमिनीतून गेला. झाडावरून गळू दिले तर तो पुन्हा वरच्याच थरात हजर.

राखेच्या ढिगावरचे गवत मात्र आम्हांला अधिक अस्वस्थ करते. वेल्समधील जुन्या तांब्याच्या आणि शिशाच्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर असेच गवत पाहून अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या शिष्यांनी १९५० नंतरच्या दशकांत त्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा आढळले की साध्या कुरणातले त्याच जातीचे बी त्या मातीत पेरले, तर हजारांत एखादे रोप तग धरते, बाकीची उगवून मरतात. जे तगते त्याची संतती पुढे तो ढिगारा व्यापते. शिवाय धातू सोसणारे हे गवत चांगल्या कुरणात परत आणून लावले, तर साध्या गवताच्या स्पर्धेत मागे पडते. म्हणजे ज्याला आपले लेखक क्षमाशीलता म्हणतात, ती हजारांतील नऊशे नव्याण्णवांच्या मरणावर उभी असते, आणि उरलेल्या एकालाही ती फुकट मिळत नाही.

दिवाळीशी या विषयाचा संबंध काय, असे व्यवस्थापकांनी विचारलेच होते, म्हणून त्यांच्या समाधानासाठी नोंदवतो की आकाशात फुटणाऱ्या फटाक्याचा हिरवा रंगही बेरियम या धातूच्या क्षारांचा असतो. त्या क्षारांना सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे, आणि शिसे, पारा, आर्सेनिक यांना त्याच्या आदल्याच वर्षी. मनाई पाळली जाते किंवा नाही, हे लक्ष्मीपूजनाच्या रात्री गच्चीवर उभे राहून ज्याचे त्याने पाहावे.

आम्हांला काव्य नको आहे, दोन रकाने हवे आहेत. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पीक, विहीर आणि सोसायटीचा बोजा यांची नोंद होते, मातीतल्या शिशाची होत नाही. पण तो कागद महसुलाचा, त्याला दोष कशाला द्यावा? मृद आरोग्य पत्रिका मात्र आरोग्याच्या नावानेच २०१५ पासून शेतकऱ्याच्या हाती दिली जाते, आणि तिच्यात सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मँगेनीज, बोरॉन अशा बारा बाबी असतात. कॅडमियम नाही, शिसे नाही. रोपाला काय कमी पडते एवढेच विचारणारी ही पत्रिका त्याच्यात काय जास्त शिरले आहे ते विचारत नाही. आणि कोकणातल्या आम्ल जांभ्या मातीत हे धातू सहज विरघळतात, तर देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत बरेचसे बांधलेले राहतात, म्हणजे हा प्रश्न जिल्ह्याजिल्ह्याला निरनिराळा विचारला पाहिजे, याची तर तिला दादच नाही. पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही. जस्त आणि तांबे मोजण्यासाठी मातीचा जो अर्क प्रयोगशाळा काढते, त्याच अर्कात आणि त्याच यंत्रावर, आतला दिवा तेवढा बदलून, कॅडमियम आणि शिसेही मोजता येते. निदान नाल्याकाठच्या, खाणीच्या उतारावरच्या आणि औद्योगिक वसाहतींना लागून असलेल्या गावांपासून कृषिखात्याने या हंगामात आरंभ करावा, आणि आलेले आकडे पत्रिकेच्या तेराव्या आणि चौदाव्या रकान्यात, शेतकऱ्याला वाचता येतील अशा अक्षरांत छापावेत.