मूल सापडतं, मेसेज फिरत राहतो

चैत्र पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर येणाऱ्या समस्त भाविकांना हात जोडून सांगणं आहे. गुलाल उधळा, खोबरं उधळा, पायऱ्या जपून उतरा. आणि खिशातल्या फोनबद्दल थोडं ऐकून घ्या.

यात्रेत मूल चुकणं काही नवं नाही. डोंगरावरचं वाडी रत्नागिरी एवढंसं गाव. त्यात महाराष्ट्र-कर्नाटकातून लाखो माणसं एकाच दिवशी वर येतात. गुलालानं सगळ्यांची तोंडं एकसारखी होतात, बापाला पोर ओळखू येईना आणि पोराला बाप. आमच्या लहानपणी यावर एकच इलाज होता, कर्णा. ‘लाल फ्रॉकमधली चार वर्षांची मुलगी आहे, पालकांनी चौकीपाशी यावं.’ पुकारणारा तिथंच बसलेला, पोरगी त्याच्या शेजारी बिस्कीट खात बसलेली. आई धावत यायची, आधी एक धपाटा घालायची, मग कवटाळायची. पुकारा तिथंच थांबायचा.

आता आधी फोटो निघतो. मागे माझ्या फोनवर असाच एक आला. गुलालानं माखलेलं बालवाडीतलं पोरगं, खाली ‘जोतिबा यात्रेत हरवला आहे, सगळ्या ग्रुपवर टाका’ आणि एक नंबर. मी अकरा ग्रुपवर टाकला. पुण्य केल्यासारखं वाटलं. रात्री राहवेना म्हणून त्या नंबरवर फोन लावला. पलीकडून बाई दमलेल्या आवाजात म्हणाली, “अहो दादा, तो अर्ध्या तासात सापडला होता. आता सातवीत आहे.” मेसेजवर तारीखच नव्हती, आणि मीही ती शोधली नव्हती.

एवढ्यावर भागलं तर हसून सोडून द्यावं. पण असाच फोटो, खालची ओळ बदलून, ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ म्हणून फिरू लागला की काय होतं ते महाराष्ट्रानं पाहिलंय. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे पाच डवरी गोसावी भिक्षा मागत तिथं पोचले होते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी लोक आधीच बिथरलेले. पाचही जणांना जमावानं ठेचून मारलं. अनोळखी चेहरा आणि अनोळखी बोली, एवढाच त्यांचा गुन्हा. आपल्या डोंगरावर तर यात्रेच्या दिवशी कोण ओळखीचं असतं? गोंधळी येतात, डवरी येतात, भगव्या कफनीतले साधू येतात. एखाद्यानं रडणाऱ्या पोराच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला, तर त्याचा फोटो काढून आपण काय लिहिणार आहोत?

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल असं जाहीर केलं. ठीकच. पण पाचाचे पंचवीस, पंचवीसचे सव्वाशे व्हायला किती वेळ लागतो, हिशेब तुम्हीच करा. आणि राईनपाडा लांब वाटत असेल तर जून 2023 मधलं आपलं कोल्हापूर आठवा. काही पोरांच्या मोबाईल स्टेटसवरून 7 तारखेला बंद, दगडफेक, लाठीमार झाला आणि इंटरनेट बंद करावं लागलं. ज्याचा त्या स्टेटसशी संबंध नव्हता, त्याच्याही फोनचं नेट गेलं.

तेव्हा मूल चुकलं तर घरातल्या एकानं त्याच जागी उभं राहावं आणि दुसऱ्यानं थेट पोलीस चौकी गाठून पुकारा करायला लावावा. चौकी सापडेना तर 112 लावा. मुलांसाठी 1098 आहे. यात्रेला निघतानाच पोराच्या खिशात तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला, ती कुठल्याही फोटोपेक्षा लवकर कामाला येते. फोटो टाकायचाच झाला तर तारीख, वेळ आणि नेमकी जागा लिहा. मूल सापडल्यावर आपण टाकलेला मेसेज सगळ्यांकडून पुसण्याची सोय असते, पण ती साधारण दोनच दिवस. ते टळलं, तर जिथं जिथं टाकला तिथं तिथं ‘सापडला’ एवढं तरी कळवा. आळस करू नका, मी केला होता.

आणि ज्याच्या हातात दुसऱ्याचा मेसेज येतो त्यानं आधी फोन लावावा. फोन उचलला गेला नाही तर मेसेज आपल्यापाशीच राहू द्यावा. कुणाला ‘टोळीवाला’ म्हणून दाखवलं असेल तर तो फोटो पोलिसांना दाखवा, ग्रुपला नको. मेसेज पुढे ढकलणं हे यात्रेतली उंच सासनकाठी नाचवण्यासारखंच आहे. काठी एकाच्या खांद्यावर असते, पण दोऱ्या धरणाऱ्यांची नजर शेंड्यावरून ढळत नाही. काठी कलली तर ती गर्दीत कुणाच्या तरी डोक्यावर येणार, हे त्यांना ठाऊक असतं.

त्या सातवीतल्या पोराच्या आईला अजून अधूनमधून फोन येतात. यंदा तो मामाच्या गावच्या काठीची दोरी धरणार आहे, असं ती म्हणाली. बालवाडीतल्या, गुलालात माखलेल्या पोराचा फोटो तुमच्याकडे आला तर पुसून टाका.