शेवटच्या दोन कोसांचे काय?

मुंबईहून निघालेले पार्सल सुमारे ५०० किलोमीटरांची वाट एका रात्रीत तुडवून बेळगावास येते. पण तेथून खानापूर तालुक्यातल्या रानवाडीवर पोहोचताना मात्र त्याचे पाय मोडतात! आमगाव, गवाळी, पास्तोळी, कोंगळे ही गावे काही चंद्रावर नाहीत. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झाले, त्याच्या पोटात ती आहेत. माणसे थोडी, घरे विखुरलेली, आणि पावसाळ्यात ओढे फुगले की वाट बंद. तेथल्या म्हाताऱ्याचे औषध, शिकल्यासवरल्या मुलाचे मुलाखतीचे बोलावणे, फवारणीच्या पंपाचा सुटा भाग, यांसाठी एका माणसाने दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याचे गाव गाठावयाचे. वस्तूची किंमत शंभर रुपये असली, तरी तिच्यासाठी बुडालेला दिवस कोणत्या पावतीवर लिहिला जातो?

कंपन्यांचे उत्तर ठरलेले आहे: 'परवडत नाही.' हा हिशेब खोटा नाही, हे आम्ही प्रथमच कबूल करतो. शहरातला पोऱ्या एका गल्लीत दहा दारे ठोठावतो. रानात दहा दारांसाठी दहा वाटा चालाव्या लागतात. पेट्रोल तेवढेच जळते, वेळ अधिक जातो, आणि घरात माणूस नसला तर फेरी फुकट. परंतु हिशेब खरा म्हणून निष्कर्षही खरा, हे आम्हांस मान्य नाही.

१८५४ साली परक्या सरकारने या देशात पत्रास अंतराचा विचार न करता एकच दर लावला. अर्ध्या आण्यात हलके पत्र शेजारच्या गावीही जाई आणि हजार मैलांवरही जाई. दाट वस्तीच्या मिळकतीतून विरळ वस्तीचा खर्च भागवावयाचा, हे त्यामागचे साधे गणित होते. आज ते मोडले आहे. पार्सलांवर टपालखात्याचा एकाधिकार कधीच नव्हता. पत्रांवर होता, तोही २०२३च्या टपाल कायद्यात उरला नाही. शहरांतले लोणी ज्याला हवे त्याने न्यावे आणि रानातले ताक तेवढे टपालखात्याने घुसळीत बसावे, अशी ही वाटणी आहे. आणि वर टपालखाते तोट्यात चालते म्हणून बोटे मोडावयाची!

तो भार प्रत्यक्षात कोण वाहतो? ग्रामीण डाकसेवक. देशात दीड लाखाहून अधिक डाकघरे आहेत आणि त्यांतली दर दहापैकी नऊ खेड्यांत आहेत. ती चालविणारा हा सेवक नियमित सरकारी नोकर नव्हे. त्यास चार-पाच तासांच्या कामाचा भत्ता मिळतो. २०१८च्या सुधारणेने पार्सल वाटणाऱ्या सेवकाचा चार तासांचा किमान मूळ भत्ता १०,००० रुपये ठरला. चिखल तुडवून, ओढा ओलांडून वाडी गाठणे चार तासांत बसते काय, हे ठरविणाऱ्यांनी एकदा आषाढात आमगावची वाट चालून पाहावी.

२०२२ साली कच्छात टपालखात्याने ड्रोनने ४६ किलोमीटरांवर पार्सल पोहोचविले. कौतुक आहे! पण ज्या वाडीस पावसाळ्यात टिकेल असा साकव नाही, तिला आधी विमानाचे स्वप्न दाखवू नये. उपाय जमिनीवरच आहेत.

पहिला: तालुक्यापर्यंत कंपन्यांनी आपापला माल आणावा, पुढचा सर्वांचा माल एकाच पिशवीतून शाखा डाकघराकडे जावा, आणि त्याचा मोबदला कंपन्यांनी द्यावा. पाच जणांनी पाच रिकाम्या फेऱ्या मारण्यापेक्षा एकाने भरलेली एक फेरी मारणे स्वस्त, हे शेंबड्या पोरासही कळते. दुसरा: मुक्कामाची बस संध्याकाळी खेड्यात जातेच, तिच्यात टपालाबरोबर पार्सलही जावे. स्वित्झर्लंडात टपालखात्याच्या मोटारगाड्या १९०६पासून उतारू आणि टपाल बरोबरच नेऊ लागल्या. तिसरा: रोज दारी येण्याचे खोटे वचन नको. आठवड्याचे दोन वार ठरवावेत, आणि गावातले वाणसामानाचे दुकान किंवा महिला बचत गट यांस थोडे कमिशन देऊन पार्सल ठेवण्याची जागा करावी. चौथा: सेवकास भत्त्याखेरीज दर पार्सलामागे आणि दर किलोमीटरामागे पैसे मिळावेत. याचा खर्च शहरातल्या प्रत्येक पार्सलावर अल्पसा आकार बसवून उभा करावा. शहरवासीयास तो जाणवणारही नाही. रानातल्या माणसाचा मात्र दिवस वाचेल.

टपाल हा केंद्राचा विषय आहे. रस्ता, साकव आणि बस ही राज्याची जबाबदारी. दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवावे आणि मध्ये वाडी ताटकळत राहावी, हा खेळ आम्हांस परिचित आहे. म्हणून आमच्या वाचकांस आम्ही एक काम सांगतो. परत गेलेल्या प्रत्येक पार्सलाची तारीख आणि कारण ग्रामपंचायतीत नोंदवा. ग्रामसभेत ठराव करा आणि तो टपाल अधीक्षक व बस आगार या दोघांकडेही धाडा. तोंडी गाऱ्हाणे वाऱ्यावर जाते. नोंदलेल्या गाऱ्हाण्याला उत्तर द्यावे लागते.

माणसे थोडी आहेत, म्हणून त्यांचा हक्क थोडा होत नाही. मतदानाची पेटी त्या वाडीवर पोहोचते. मग औषधाचे पाकीट का पोहोचू नये?