सूर्याकडून येणारा माल मोजला, पण वर्दी वेळेत मिळणार का?

सियागंजात काजू घ्यायला गेलात तर दुकानदार आधी विचारतो, "कोणता देऊ? दोनशे चाळीस की तीनशे वीस?" एका पौंडात साधारण किती नग बसतात, त्यावरून हा नंबर ठरतो. वजन तेच, पण नंबर बदलला की भाव बदलतो. इंदूरच्या या ठोक बाजारात नुसतं वजन सांगून भागत नाही, माल कोणता तेही सांगावं लागतं.

पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर भारताचं एक यंत्र नोव्हेंबर २०२३ पासून अशीच प्रतवारी करतंय. तिथला माल म्हणजे सौर वारा. सूर्यातून सतत बाहेर पडणारे विद्युतभारित कण, म्हणजेच आयन आणि इलेक्ट्रॉन. २ सप्टेंबर २०२३ ला श्रीहरिकोट्याहून निघालेलं आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ ला आपल्या कक्षेत पोहोचलं. त्यातलं सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारं 'सूट' हे उपकरण पुण्याच्या आयुकानं बनवलं, त्यामुळे मराठी वाचकाला ते ठाऊक आहे. आयन मोजणारं 'ॲस्पेक्स' मात्र अहमदाबादच्या भौतिक अनुसंधान प्रयोगशाळेचं, म्हणजे इंदूरहून एका रात्रीच्या बसच्या अंतरावरचं.

हे मोजतात कसं, ते बघू. ॲस्पेक्सच्या 'स्विस' या भागात एकात एक बसवलेल्या दोन वाट्यांसारखे धातूचे पत्रे आहेत आणि मधे अरुंद फट. पत्र्यांवर विजेचा दाब दिला की ठरावीक ऊर्जेचेच आयन वळण घेऊन पार होतात, बाकीचे भिंतीवर आपटतात. दाब बदलत नेला की एकेका ऊर्जेचे कण मोजले जातात. अशा दोन चाळण्या एकमेकींना काटकोनात आहेत, म्हणून कण कुठल्या दिशेनं आले तेही कळतं.

सौर वाऱ्यात मुख्यतः प्रोटॉन असतात आणि थोडे हेलियमचे अणुकेंद्र, म्हणजे अल्फा कण. दोघांचा वेग सारखा असला तर अल्फाचं वस्तुमान चौपट आणि विद्युतभार दुप्पट, त्यामुळे चाळणीत तो प्रोटॉनच्या दुप्पट आकड्यावर सापडतो. एरवी शंभर प्रोटॉनमागे अल्फा तीन-चार असतात. हे प्रमाण आठच्या वर गेलं, तर सूर्यावरून मोठा स्फोट होऊन द्रव्याचा लोट आपल्या दिशेनं निघाल्याची ती ठळक खूण असते. नुसता वेग वाढला असता तर एवढं खात्रीनं सांगता आलं नसतं.

मे २०२४ मध्ये याचा प्रत्यय आला. १० आणि ११ मे रोजी वीस वर्षांतलं सर्वांत मोठं भूचुंबकीय वादळ पृथ्वीवर आलं. लडाखच्या हानलेतून आकाश लालसर दिसलं. अमेरिकेत पेरणीच्या ऐन हंगामात जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. त्या दिवसांत ॲस्पेक्सनं सौर वाऱ्याचा वाढलेला वेग, तापमान आणि अल्फा कणांची वाढ टिपली. भारताला फटका कमी बसला, कारण आपण विषुववृत्ताजवळ आहोत आणि वादळाचा मुख्य मारा ११ मेच्या पहाटे झाला. दर वेळी वेळ अशी साथ देईलच असं नाही.

आता मुद्दा वेळेचा. सौर वारा सेकंदाला ४०० किलोमीटर वेगानं आला, तर यानापासून पृथ्वीपर्यंत यायला त्याला साधारण एक तास लागतो. वादळात वेग दुप्पट झाला की हातात उरतो जेमतेम अर्धा तास. माहिती संग्रहात ठेवली तर शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं उपयोगी पडते, पण वीजवाहिनी सांभाळणाऱ्याला ती त्या अर्ध्या तासातच हवी. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेकचं वीजजाळं अशाच वादळात दीड मिनिटात कोसळलं आणि साठ लाख लोक सुमारे नऊ तास अंधारात राहिले.

मराठी मुलखाला हे मोजमाप नवं नाही. सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची चुंबकीय नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली, आणि आजही जगभरचे अभ्यासक ती वापरतात. पुढे विजेच्या ट्रामचा अडथळा होईल म्हणून ते काम अलिबागला हलवलं. पण जमिनीवरची सुई वादळ आल्यावरच हलते. आदित्यनं आपल्याला वादळाच्या एक पाऊल पुढे नेलं, फरक तो हा.

म्हणून प्रश्न यंत्राचा नाही, पुढच्या व्यवस्थेचा आहे. अमेरिकेनं सप्टेंबर २०२५ मध्ये याच एल१ परिसरासाठी एक यान खास अवकाश-हवामानाच्या पहाऱ्यासाठी सोडलं. त्याची माहिती सतत मिळावी म्हणून निरनिराळ्या देशांत अँटेना लागतात. आदित्य ही मुळात विज्ञानमोहीम, आणि आयुष्य ठरवलंय पाच वर्षांचं. म्हणजे २०२८ च्या आसपास पुढच्या यानाची गरज भासेल, आणि असं यान एका वर्षात तयार होत नाही. निर्णय आत्ताच व्हायला हवा. शिवाय चोवीस तास पहारा, आणि वीजकंपन्या, विमानतळ, रेल्वे यांना थेट मिळणारी वर्दीही हवी. नुसत्या आयनांवर अंदाज पुरा होत नाही, सौर वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशाही लागते. ते मोजणारा मॅग्नेटोमीटर आदित्यवर आहेच.

सियागंजातली आजची बिलं मोबाइलवर फिटतात, मालाच्या गाड्या जीपीएसवर दिसतात, आणि दुकानाचा काटाही विजेवर चालतो. हमालापासून अडत्यापर्यंत कुणालाही अल्फा कणांशी घेणंदेणं नाही, नसलं तरी चालेल. पण वादळ येण्याआधी अर्धा तास कुणीतरी योग्य माणसाला फोन करायला हवा. तो फोन कुणी करायचा, एवढं तरी कागदावर ठरलं पाहिजे.